पिशवीवर काय लिहिलंय आणि रक्तात काय दिसतं: चाऱ्यावरच्या जनावरांच्या फीड अॅडिटिव्हचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा एका कंपनीच्या एका पिशवीचा रिव्ह्यू नाहीये. मांसासाठी वाढवायची जनावरं, आणि ती पण धान्यावरची नाही, गवतावर, वाळल्या वैरणीवर, फार तर मुरघासावर असलेली, त्यांच्या खाद्यात मिसळायला किंवा चाटायला फीड अॅडिटिव्ह म्हणून जे काय काय विकलं जातं त्या सगळ्याचा एकदाच हिशोब करतेय. मोनेन्सिन (पोटातले काही जिवाणू दाबणारं औषध), लाइव्ह यीस्ट, टॅनिन (झाडपाल्यातला तुरट पदार्थ), युरियाचं चाटण, क्रोमियम आणि आता नवीन आलेलं, ढेकरेतून जाणारा मिथेन वायू कमी करणारं. आणि हिशोब रक्ताच्या रिपोर्टवर, कारण विकायला येणारी मंडळी आजकाल वजनाचं बोलतच नाहीत, ग्लुकोज वाढतं, एनर्जी मेटाबॉलिझम सुधारतो, लिव्हरला सपोर्ट मिळतो असं बोलतात आणि समोरचा मान डोलावतो कारण लिव्हर आतून कोणी बघितलंय.

असंच एक माहितीपत्रक माझ्याकडे पडलंय. चकचकीत कागद, दोन खांब, एक बुटका एक उंच, खाली लिहिलंय रक्तातील ग्लुकोज. नीट बघितलं तर डावीकडची रेघ शून्यापासून सुरूच होत नाही, वरच कुठूनतरी सुरू होते, म्हंजे समजा ५८ आणि ६० असा फरक असेल तरी दुसरा खांब पहिल्याच्या दुप्पट दिसणार. किती जनावरं, कुठला चारा, रक्त कधी काढलं, न देता ठेवलेला गट होता का, यातलं काहीच नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात "फील्ड ट्रायल" एवढंच.

तर ग्लुकोजपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त विक्री त्याच्याच नावावर होते आणि माझ्या मते चाऱ्यावरच्या जनावरात सगळ्यात निरुपयोगी आकडा पण तोच आहे.

माणसाने गोड खाल्लं की साखर आतड्यातून सरळ रक्तात येते. गवत खाणाऱ्या जनावराचं तसं नसतं, कोठीपोटातले, म्हंजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू गवत आंबवतात, त्यातून मुख्य तीन आम्लं निघतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट, आणि या तिघांत फक्त प्रोपिओनेटचंच लिव्हरमध्ये जाऊन ग्लुकोज होतं. ॲसिटेट कितीही असू दे, त्याचं ग्लुकोज होत नाही. आणि नुसत्या चाऱ्यावर गंमत अशी की एकूण आम्लांत ॲसिटेटच साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असतं, प्रोपिओनेट १५ ते २०. म्हंजे कच्चा माल मुळातच तुटपुंजा. तो कमी पडला की जनावर अमिनो आम्लं जाळून ग्लुकोज बनवतं, म्हणजे जे प्रोटीन अंगाला लागायला हवं ते साखर करण्यात जातं. म्हणून प्रोपिओनेट वाढवणारी कुठलीही गोष्ट चाऱ्यावरच्या जनावराला कामाची आहे, इथपर्यंत विकणारा शंभर टक्के बरोबर बोलतो.

पुढचं मात्र तो सांगत नाही. शरीर ग्लुकोजची पातळी फार घट्ट धरून ठेवतं. गाई-बैलात ती साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते आणि लिव्हरने जास्त ग्लुकोज बनवलं तर इन्सुलिन वाढतं, स्नायू ते उचलतात, पातळी परत जागेवर. पगार वाढला म्हणून महिनाअखेरची शिल्लक वाढतेच असं कुठे असतं, तसंच हे. जनावराला खरंच फायदा झाला असेल, आतून जास्त ग्लुकोज बनून वापरलं पण गेलं असेल, आणि रिपोर्टवर आकडा तोच. आणि उलटंही, आकडा वाढला म्हणजे फायदा झाला असं नाही.

किती फरक पडतो याचा एक चांगला हिशोब आहे. २००८ साली दुधाळ गायींना मोनेन्सिन देऊन केलेल्या बऱ्याच प्रयोगांचं एकत्र विश्लेषण छापून आलं, त्यात रक्तातलं ग्लुकोज सरासरी ३ टक्के वाढलं, युरिया ६ टक्के वाढला, बीएचबी नावाचं कीटोन (चरबी जाळताना लिव्हरमध्ये बनतं ते) १३ टक्के कमी झालं आणि नेफा, म्हंजे चरबी वितळून रक्तात आलेली फॅटी ॲसिडं, ७ टक्के कमी. इन्सुलिन आणि कोलेस्टेरॉलमध्ये धड फरक नाही. आता ३ टक्के म्हणजे किती हो, ६० वर दोन मिलिग्रॅम पण नाही. आणि या दुधाळ गायी, ज्यांच्यावर एनर्जीचा ताण सगळ्यात जास्त, तिथे एवढा. गवतावर निवांत वाढणाऱ्या जनावरात याहून मोठा चमत्कार कोणी दाखवत असेल तर मी आधी ट्यूब कशी हाताळली ते विचारते.

कारण रक्त काढताना काय होतं बघा. जनावर शिकंज्यात घातलं, लोखंडाचा खडखडाट, मागून कोणीतरी शेपूट पिळतंय, पहिला दहा मिनिटं उभा होता दुसरा लगेच आत घेतला, मानेची शीर सापडेना म्हणून सुई दोनदा टोचली. या सगळ्या भीतीने ॲड्रेनलिन सुटतं आणि ग्लुकोज वर जातं, ते कुठल्याही अॅडिटिव्हपेक्षा जास्त वर जाऊ शकतं. जे जनावर जास्त बुजरं त्याचं ग्लुकोज जास्त, एवढाच अर्थ निघतो. मग ट्यूब गाडीत उन्हात पडून राहिली तर रक्तपेशी त्यातलं ग्लुकोज खात राहतात आणि आकडा खाली येतो. त्यासाठी फ्लोराइडवाली राखाडी टोपीची ट्यूब असते, ती वापरली नसेल आणि सिरम, म्हंजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, लवकर वेगळं केलं नसेल तर तो आकडा कागदावर लिहूच नये. सिरम गुलाबी दिसलं म्हणजे पेशी फुटल्यात, त्यावर पोटॅशियमपासून एन्झाइमपर्यंत बरेच आकडे बिघडतात, पण रिपोर्ट छान टाइप करून येतो, वर लोगो.

नेफाचं तर विचारूच नका. आदल्या संध्याकाळी कुरणातून जनावरं आणून रात्रभर उपाशी कोंडली आणि सकाळी रक्त काढलं की नेफा वरच दिसणार, ती उपासाची चरबी आहे. बीएचबीचा पण घोळ आहे, लोक त्याला सरळ कीटोसिस, म्हंजे कीटोन वाढण्याचा आजार, म्हणतात, पण बीएचबी कोठीपोटाच्या अस्तरात ब्युटिरेटपासून पण बनतं, म्हणजे मुरघास चांगला असेल, पोटभर खाल्लं असेल तरी थोडं वर येतं. दुधाळ गायीसाठीची १.२ मिलिमोलची रेघ वाढत्या गोऱ्ह्याला लावून घाबरवणारा एक जण मी स्वतः ऐकलाय.

आता प्रॉडक्टकडे. मोनेन्सिन आधी, कारण माझ्या लेखी यादीत सगळ्यात वर तेच आहे.

हे स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूपासून मिळतं, आयोनोफोर म्हणतात त्या वर्गातलं. अमेरिकेत १९७५ पासून गुरांच्या खाद्यात परवानगी आहे, युरोपियन युनियनने वाढीसाठी म्हणून वापरायला १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, त्यामुळे तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघा, नंतर माझं वाचा. काम कसं करतं तर ज्या जिवाणूंना बाहेरचं आवरण नसतं त्यांच्या पेशीत सोडियम-पोटॅशियमची अफरातफर करून त्यांना दमवतं. हेच जिवाणू ॲसिटेट, हायड्रोजन आणि अमोनिया जास्त करतात. ते मागे पडले की प्रोपिओनेट करणारे पुढे येतात, मिथेन थोडं कमी होतं, आणि चाऱ्यातलं प्रोटीन कोठीपोटातच फोडून अमोनिया करणं पण कमी होतं. म्हणजे एका औषधाने एनर्जी पण आणि प्रोटीन पण वाचतं.

धान्यावरच्या आणि चाऱ्यावरच्या जनावरात याचा परिणाम वेगळा दिसतो हे लक्षात ठेवा, कारण पत्रकं सगळी फीडलॉटची, म्हंजे कोंडून धान्यावर पोसणाऱ्यांची असतात. धान्यावर जनावर कमी खातं आणि तेवढंच किंवा थोडं जास्त वाढतं. २०१२ सालच्या अशाच एकत्रित हिशोबात खाणं ३ टक्के कमी, वाढ अडीच टक्के जास्त आणि खाद्याची कार्यक्षमता ६.४ टक्के सुधारली असं निघालं. चरणारं जनावर मात्र सहसा खाणं तेवढं कमी करत नाही, वाढतं जास्त. मोनेन्सिनच्या प्रयोगांच्या १९८४ सालच्या गोषवाऱ्यात चरणाऱ्या जनावरांची रोजची वाढ ६०९ ग्रॅमवरून ६९१ ग्रॅमवर गेली होती, म्हंजे साडेतेरा टक्के. हा आकडा मला रक्ताच्या कुठल्याही आकड्यापेक्षा प्यारा आहे, कारण ८२ ग्रॅम रोजचे म्हणजे शंभर दिवसांत आठ किलो, आणि ते काट्यावर दिसतं. जुना आकडा आहे, तेव्हाची जनावरं वेगळी, कुरणं वेगळी, तुमच्याकडे तेवढंच येईल असं मी म्हणणार नाही.

रक्तात काय दिसतं? ग्लुकोज जागेवर किंवा किंचित वर, नेफा असलाच तर थोडा खाली. युरिया मात्र कधी वर कधी खाली, आणि यावरून लोक भांडतात, एक म्हणतो अमोनिया कमी झाला म्हणजे युरिया कमी व्हायला पाहिजे, दुसरा म्हणतो आमच्याकडे वाढला. दोघंही बरोबर असू शकतात. कोठीपोटात वाचलेलं प्रोटीन पुढे आतड्यात जाऊन शोषलं जातं आणि त्यातलं जे अंगाला लागत नाही ते लिव्हरमध्ये फुटून परत युरियाच होतं. गवतात प्रोटीन किती आणि त्यासोबत एनर्जी किती यावर काटा कुठे झुकणार ते ठरतं.

अडचण एकच, आणि ती औषधाची कमी, द्यायच्या पद्धतीची जास्त आहे. चरणाऱ्या जनावराला डोस पोचवायचा कसा? अमेरिकन लेबलवर कुरणातल्या जनावराला रोज ५० ते २०० मिलिग्रॅम असं आहे आणि पहिले ५ दिवस १०० च्या वर जायचं नाही. हे खनिज मिश्रणात मिसळून खुल्या डब्यात ठेवलं की दांडगी जनावरं डब्यापाशी ठाण मांडतात आणि बुजऱ्यांना चव पण मिळत नाही. वर मोनेन्सिनची चव जनावराला फारशी आवडत नाही, म्हणून मिश्रण कधी पडून राहतं, मीठ कमी-जास्त करून खाणं जुळवत बसावं लागतं. मग गटाच्या सरासरी रक्तात काय दिसणार, काहींना पूर्ण डोस, काहींना शून्य, सरासरी मधेच कुठेतरी. रोज ठरल्या वेळी गव्हाणीत थोडं पूरक खाद्य टाकून त्यातून देता आलं तरच पैसे वसूल.

आणि घोडा. घोडा, गाढव, खेचर जवळपास असेल तर हे आणूच नका. गाईला जे पचतं त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात घोडा मरतो, अंगाच्या वजनाच्या किलोमागे २-३ मिलिग्रॅम पुरतं, हृदयाचा स्नायूच जातो आणि उतारा नाही. कुत्र्यानेही डब्यात तोंड घालू नये. गाईतसुद्धा मिक्सिंग नीट न होता एका कोपऱ्यात गोळा झालं तर जनावरं दगावतात. पाचपैकी चार, एक तारा घोड्याच्या आणि मिक्सिंगच्या नावाने कापला.

आता युरियाचं चाटण. हे गरिबाचं प्रॉडक्ट म्हणून लोक नाक मुरडतात, पण रक्तात ठसठशीत फरक दाखवणारं या यादीत हेच आहे.

गवत पिकून वाळलं की त्यातलं क्रूड प्रोटीन (नायट्रोजन मोजून काढलेला प्रोटीनचा आकडा) ७ टक्क्यांच्या खाली जातं, आणि ही ७ ची रेघ महत्त्वाची आहे, त्याखाली जिवाणूंनाच नायट्रोजन पुरत नाही, ते वाढत नाहीत, तंतू फुटत नाही, चारा पोटात अडकून राहतो आणि जनावर भुकेलं असून खात नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कुरणात गवत तर भरपूर आहे. अशा वेळी रक्तातला बीयूएन, म्हंजे ब्लड युरिया नायट्रोजन, पार ४-५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर येतो, कारण लिव्हरकडे अमोनियाच येत नाही आणि जो थोडा युरिया बनतो तो पण किडनी राखून ठेवते आणि लाळेतून, कोठीपोटाच्या भिंतीतून परत आत सोडते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे प्रोटीनच्या हिशोबात जवळजवळ २८७ टक्के. थोडासा मळीसोबत चाटणातून दिला की बीयूएन काही दिवसांत वर येतो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच सुमाराला जनावर चारा जास्त खायला लागतं, शेण सैल होतं. आधी ते कोरडं, थरावर थर असलेलं, पायाने दाबलं तरी न फुटणारं असतं, नंतर ते पसरायला लागतं. मला विचाराल तर रिपोर्ट यायच्या आधी शेणानेच निम्मं सांगितलेलं असतं.

पण युरिया हा खेळ नाही. एकूण कोरड्या खाण्याच्या १ टक्क्याच्या आतच राहायचं, हळूहळू सवय लावायची, उपाशी जनावरासमोर ठेवायचं नाही, आणि चाटणाची वीट पाण्यात भिजून त्याचं तळं झालं तर ते जनावराने पिता कामा नये. कोठीपोटात युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो, लिव्हरच्या आवाक्याबाहेर गेला की तो रक्तात चढतो, अंग थरथरतं, तोंडाला फेस, पोट फुगतं आणि काही तासांत खेळ खलास. व्हिनेगर आणि गार पाणी पाजणं हा जुना प्रथमोपचार आहे, डॉक्टर येईपर्यंत. सावकाश सुटणारा युरिया म्हणून महागडं प्रॉडक्ट येतं, त्याचा खरा फायदा हा सुरक्षेचा आहे, वाढीत फार मोठा फरक अपेक्षित धरू नका. हिरवं गवत असताना युरिया विकायला कोणी आलं तर मात्र त्याला पाणी पाजून परत पाठवा.

टॅनिनचं बरोबर उलटं आहे. कोवळं हिरवं गवत, २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, त्यावर बीयूएन २० च्या वर जातो, म्हंजे प्रोटीन कोठीपोटात फुटून अमोनिया होऊन युरिया बनून मूत्रातून वाहून चाललंय, आणि हा युरिया बनवायला पण एनर्जी लागते. टॅनिन प्रोटीनला चिकटून बसतं, कोठीपोटात ते सुटत नाही, पुढे चौथ्या पोटात आम्ल लागलं की सुटतं. त्यामुळे अमोनिया कमी, बीयूएन खाली, आणि नायट्रोजन मूत्राऐवजी शेणातून जायला लागतो. इथे बीयूएन खाली आला हीच चांगली बातमी. पण हेच टॅनिन वाळल्या गवतावरच्या जनावराला दिलं, जिथे मुळातच नायट्रोजनची मारामार, तर आधीच उपाशी जिवाणूंच्या तोंडचा घास काढला. कंडेन्स्ड टॅनिन (टॅनिनचाच एक प्रकार) एकूण खाण्याच्या ५ टक्क्यांच्या पुढे गेलं तर खाणं आणि पचन दोन्ही बसतं. पिशवीवर हे लिहिलेलं मी बघितलं नाही. तिथे "सर्व ऋतूंसाठी उपयुक्त" असं असतं. हिरव्यावर साडेतीन तारे, वाळल्यावर शून्य, सरासरी काढू नका.

याच बीयूएनवरून एक गंडवण्याचा प्रकार सांगते. एका विक्रेत्याने, नाव घेत नाही, "आधी आणि नंतर" असे रिपोर्ट दाखवले होते, आधी बीयूएन ५, नंतर १४, मधे त्यांचं प्रॉडक्ट. तारखा बघितल्या तर आधीचा नमुना सुक्या गवताच्या दिवसांतला आणि नंतरचा हिरवं फुटल्यावरचा! गवत बदललं की रक्त बदलणारच, त्यासाठी पिशवी फोडायची पण गरज नाही. म्हणून ज्या कागदावर त्याच दिवशी, त्याच कुरणातल्या, अॅडिटिव्ह न दिलेल्या जनावरांचे आकडे शेजारी नाहीत तो कागद मी वाचतच नाही. चाऱ्यावरच्या जनावरात बेस चाऱ्याचा आवाज एवढा मोठा असतो की अॅडिटिव्हची कुजबुज त्यात ऐकू यायला शेजारी कंट्रोल गट लागतोच लागतो.

लाइव्ह यीस्ट. पटकन उरकते. ही सॅकरोमायसिस नावाची जिवंत बुरशी असते, कोठीपोटातला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना बरं वातावरण देतं, आणि जास्त धान्य खाऊन आम्लता वाढलेल्या जनावरात पीएच सावरायला त्याची मदत होते. पण नुसत्या चाऱ्यावर पीएच मुळात ६.२ ते ६.८ असा मजेत असतो, सावरायचं काय? रक्तात तर बहुतेक वेळा काहीच हलत नाही, एखाद्या प्रयोगात काही हललं तर दुसऱ्यात नाही. शिवाय जिवंत म्हणून विकलेलं पत्र्याच्या शेडमध्ये तापून कधीच मेलेलं असतं. चाऱ्यावरून धान्यावर नेताना द्या, तिथे अर्थ आहे. नुसत्या गवतावर दोन तारे, तेही निरुपद्रवी आहे म्हणून.

लवंग, दालचिनी, ओवा, लसूण यांच्या अर्कांचं प्रयोगशाळेतल्या बाटलीत झकास दिसतं, जनावरात महिनाभरात जिवाणू सवय करून घेतात. पास.

क्रोमियम प्रोपिओनेट जरा विचार करण्यासारखं आहे, ते इन्सुलिनचा परिणाम वाढवतं म्हणजे ग्लुकोज पेशीत लवकर शिरतं. अमेरिकेत गुरांच्या खाद्यात ०.५ पीपीएमपर्यंत, म्हंजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चालतं. वाळल्या चाऱ्यावर, जिथे ॲसिटेटचा ढीग आणि ग्लुकोजचा तुटवडा असतो, तिथे इन्सुलिनला ऊती नीट दाद देत नाहीत हे माहीत आहे, त्यामुळे कल्पना पटते. पण हा फरक एका नमुन्यात दिसतच नाही, शिरेतून ग्लुकोज देऊन ते किती वेळात खाली येतं हे दर थोड्या मिनिटांनी मोजावं लागतं. साध्या रिपोर्टवर "क्रोमियममुळे सुधारणा" दाखवणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारा.

खनिजांबद्दल एकच सांगायचंय, तांबं. सिरममधलं तांबं नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, लिव्हरमधला साठा संपत येईपर्यंत रक्तातला आकडा तसाच राहतो, आणि चाऱ्यात किंवा पाण्यात मॉलिब्डेनम, गंधक, लोह जास्त असेल तर साठा गुपचूप रिकामा होत असतो. खरं बघायचं तर लिव्हरचा तुकडा लागतो. उलट अंगाने, रक्तातल्या आकड्यावर भरवसा नाही म्हणून तांबं देत सुटणं पण नको, साठून विषबाधा होते.

रक्ततपासणी ही पण एक सर्व्हिसच आहे तर तिचाही रिव्ह्यू. लॅबवाले "मेटाबॉलिक प्रोफाइल" म्हणून वीस-बावीस चाचण्यांचं पॅकेज विकतात. गवतावरच्या वाढत्या जनावरांसाठी मी त्यातली बीयूएन घेईन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) घेईन कारण ते हळू बदलतं आणि मागच्या काही आठवड्यांचं प्रोटीन सांगतं, बाकी शंका असेल तरच. ग्लुकोजचे पैसे वाचवा. एका जनावराचं रक्त बघून गटाचं ठरवू नका, दांडगी आणि मागे राहणारी दोन्ही घ्या, रोज एकाच वेळी घ्या, कारण युरिया खाल्ल्यानंतर काही तासांनी चढतो आणि मग उतरतो, सकाळचा एक नमुना आणि दुपारचा दुसरा असं केलं तर फरक घड्याळाचा निघेल. आणि युनिट! काही लॅब "युरिया" लिहितात काही "बीयूएन", दोन्ही मिलिग्रॅममध्येच, पण युरियाचा आकडा बीयूएनच्या २.१४ पट असतो. एकीकडून १० आणि दुसरीकडून २१ आलं म्हणून कोणी पूरक बंद केल्याचं मी ऐकलंय. जनावर तेच, नायट्रोजन तेवढाच. बीयूएन सतत ८-१० च्या खाली रेंगाळत असेल तर प्रोटीन कमी पडतंय असं समजून चारा तपासायला पाठवावा, ती तपासणी रक्ताच्या आधी केलेली बरी खरं तर.

राहिलं मिथेनवालं. ३-एनओपी, बाजारात बोव्हायर नावाने. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं शेवटच्या टप्प्यातलं एन्झाइमच अडवतं, दुधाळ गायीत मिथेन ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतं, ब्राझील आणि चिलीने २०२१ मध्ये, युरोपियन युनियनने २०२२ मध्ये दुधाळ जनावरांसाठी आणि अमेरिकेने २०२४ मध्ये वाट मोकळी केली. वाचलेली एनर्जी जनावराला मिळून ग्लुकोज वाढेल, वजन वाढेल असं ऐकायला गोड वाटतं, पण मिथेनमध्ये न गेलेला हायड्रोजन बराचसा वायू म्हणूनच ढेकरेतून निघून जातो, थोडाच प्रोपिओनेटकडे वळतो. शिवाय ते कोठीपोटात लवकर फुटून संपतं, प्रत्येक घासासोबत मिसळलेलं असेल तर चालतं, दिवसभर कुरणात फिरणाऱ्याला सकाळी एकदा देऊन भागत नाही. नायट्रेटचा पर्याय पण सांगतात, तो हायड्रोजन ओढून घेतो हे खरं, युरियाच्या जागी नायट्रोजन पण देतो, पण सवय न लावता दिला तर नायट्राइट रक्तात जाऊन हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, ते ऑक्सिजन वाहत नाही, ट्यूबमधलं रक्त लाल न दिसता चॉकलेटी दिसतं, जनावर धापा टाकतं. हा एकच परिणाम असा की त्याला लॅबची गरज पडत नाही, सुई काढतानाच कळतं. नायट्रेटला माझ्याकडून एक तारा. ३-एनओपीला कुरणातल्या जनावरांसाठी सध्या काहीच देत नाही, गव्हाणीत सगळं मिसळून खाणाऱ्यांसाठी ज्यांनी वापरलंय त्यांनी खाली लिहा, वजनासकट लिहा.